बिनपगारी बंब: ऑस्ट्रेलियाच्या खेड्यांतील स्वयंसेवी अग्निशमन पथके कशी घडली

आपल्याकडे थंडी पडलेली असते तेव्हा ऑस्ट्रेलियात भर उन्हाळा असतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास तिथल्या वणव्यांच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांतही येऊ लागतात. आग विझवण्यासाठी हजारो स्वयंसेवक झटत असल्याचा उल्लेख त्या बातम्यांत हमखास असतो आणि तो वाचून पुष्कळजण बुचकळ्यात पडतात. एवढ्या संपन्न देशात आग विझवायला पगारी माणसे नाहीत का, असा प्रश्न ज्यांची मुले किंवा भाचरे सिडनी-मेलबर्नला राहतात त्यांना तर विशेषच पडतो.

गोंधळाचे थोडे मूळ आपल्या शब्दात आहे. 'स्वयंसेवक' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गणेशोत्सवात बिल्ला लावून रांग सरळ करणारा तरुण उभा राहतो. ऑस्ट्रेलियातील स्वयंसेवी अग्निशामकाला मात्र परीक्षा द्यावी लागते, त्याला कायद्याने अधिकार दिलेले असतात, जखमी झाल्यास भरपाई मिळते आणि हजारो लिटर पाण्याचा बंब त्याच्या ताब्यात असतो. त्याला पगार तेवढा नसतो. ही व्यवस्था एखाद्या सरकारने आराखडा काढून उभारलेली नाही. ती शेजाऱ्यांच्या सावडीतून सुरू झाली आणि प्रत्येक मोठ्या आगीनंतर सरकारने तिला एकेक गोष्ट पुरवली.

लेखात दोन शब्द वारंवार येतील. गावपातळीवरच्या गटाला, म्हणजे तिथल्या 'ब्रिगेड'ला, मी 'पथक' म्हणणार आहे आणि अशा सर्व पथकांना एकत्र बांधणाऱ्या राज्यस्तरीय संस्थेला 'सेवा' म्हणणार आहे.

आधी अंतराचे गणित

सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सचे क्षेत्रफळ सुमारे 8 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून अधिक आहे. लोकसंख्या मात्र एक कोटीलाही पोहोचत नाही आणि तीही बहुतांशी किनाऱ्यावरच्या शहरांत एकवटलेली आहे. उरलेल्या प्रदेशात दोन घरांमध्ये कित्येक किलोमीटरांचे अंतर असू शकते.

आता आगीचा स्वभाव पाहू. ठिणगी पडल्यावर पहिली काही मिनिटे ती एका माणसाला पायाने विझवता येते, अर्ध्या तासाने तिला बंब लागतो आणि वारा असेल तर दोन तासांनी दहा बंबही पुरत नाहीत. चढावर ती आणखी चपळ होते, कारण ज्वाला वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. दर 10 अंशांच्या चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा तिथला व्यवहारातला हिशेब आहे. त्यामुळे कितीही उत्तम दल शंभर किलोमीटरवर असेल तर पहिल्या अर्ध्या तासात त्याचा उपयोग नसतो. त्या वेळात आगीपर्यंत शेजारीच पोहोचू शकतो आणि बाकीची सगळी व्यवस्था या एका वस्तुस्थितीभोवती उभी राहिली आहे.

गोणपाट, ओल्या फांद्या आणि सावड

युरोपीय वसाहतवाले येण्यापूर्वी हजारो वर्षे तिथले मूळ रहिवासी योग्य ऋतूत लहान, थंड आगी लावून गवत-पाचोळा कमी करत असत. वसाहत वाढली, मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावले गेले आणि ती पद्धत बहुतेक ठिकाणी मोडली. 6 फेब्रुवारी 1851 च्या गुरुवारी, मेलबर्न ज्यात आहे त्या व्हिक्टोरिया प्रांताचा सुमारे चौथा हिस्सा आगीच्या तडाख्यात सापडला. त्या दिवसाला आजही 'काळा गुरुवार' म्हणतात.

त्या काळातल्या शेतकऱ्याकडे आग विझवण्यासाठी काय होते? ओले गोणपाट, हिरव्या फांद्या, फावडे आणि शेजारी. सह्याद्रीच्या डोंगरउतारावर वणवा झोडपताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे चित्र वेगळे सांगायला नको. एकाच्या कुरणाला लागलेली आग संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या गव्हात शिरणार हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे बोलावणे धाडण्याची गरजही पडत नसे. आपल्याकडे पेरणी-कापणीला सावड किंवा इर्जिक असते, तसाच हा व्यवहार होता. त्यात परोपकार होता आणि रोकडा स्वार्थही होता. या पथकांचे कौतुक करताना आपण पहिल्याबद्दलच बोलतो, पण शंभर वर्षे टिकलेली संस्था केवळ परोपकारावर टिकत नाही, असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या सावडीला नाव आणि नायक मिळू लागले. न्यू साउथ वेल्सच्या दक्षिणेकडील बेरिगन हे गव्हाच्या पट्ट्यातले गाव अशा आरंभीच्या पथकांपैकी एकासाठी ओळखले जाते. पुढे पथके स्थापन करण्याचे अधिकार स्थानिक परिषदांकडे आले. पथकाचा कप्तान सदस्य आपल्यातून निवडून देऊ लागले आणि ही प्रथा आजही चालू आहे. गावातल्या गॅरेजवाल्याला कप्तान निवडले असेल, तर आगीच्या ठिकाणी बँकेच्या व्यवस्थापकाने त्याचे ऐकायचे असते.

प्रत्येक मोठ्या आगीमागून एक कायदा

सावडीची मर्यादा मोठ्या आगीत उघडी पडते. दहा गावांची दहा पथके एकाच डोंगरावर आली, तर हुकूम कोणाचा चालणार? एकाचे नळीचे तोंड दुसऱ्याच्या जोडाला बसते का?

13 जानेवारी 1939 च्या 'काळ्या शुक्रवारी' व्हिक्टोरियात हे प्रश्न जिवावर बेतले. त्या हंगामातील आगींत 71 माणसे मेली आणि सुमारे 20 लाख हेक्टर प्रदेश जळाला. न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने या आगी माणसाच्याच हातांनी लागल्या होत्या, असे स्पष्ट नोंदवले. शेतकरी, लाकूडतोडे, खाणवाले अशा प्रत्येकाने आपापल्या सोयीसाठी आग लावली होती आणि जंगलखाते, शहरी पथके आणि ग्रामीण पथके यांना एका सूत्रात बांधणारे कोणी नव्हते. युद्धामुळे सुधारणा रेंगाळल्या. 1943-44 च्या उन्हाळ्यात पुन्हा बळी गेले आणि यालूर्न येथील कोळशाच्या खाणीपर्यंत, म्हणजे राज्याच्या वीजपुरवठ्यापर्यंत, आग पोहोचली, तेव्हा कुठे हालचाल झाली. 2 एप्रिल 1945 रोजी व्हिक्टोरियाची 'कंट्री फायर ऑथॉरिटी' ही सेवा काम करू लागली. माणसे मेल्यावर नेमला गेलेला आयोग आणि वीज धोक्यात आल्यावर झालेला कायदा, हा क्रम आपल्याला फारसा अपरिचित वाटू नये.

न्यू साउथ वेल्सला याच टप्प्यावर यायला आणखी अर्धशतक लागले. तिथे 1930 आणि 1949 चे वणवाविषयक कायदे होते, पण पथके स्थानिक परिषदांच्याच हाताखाली होती. जानेवारी 1994 मध्ये सिडनीच्या वेशीपर्यंत आगी आल्या, 4 जणांचा मृत्यू झाला, दोनशेहून अधिक घरे गेली आणि दोनशेहून अधिक तुकड्यांत विभागलेल्या व्यवस्थेला एकच हुकूमसाखळी नसल्याचे साऱ्या देशाने पाहिले. त्यानंतरच्या चौकशीतून 1997 चा 'रूरल फायर्स अॅक्ट' आला आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबरला 'रूरल फायर सर्व्हिस' ही सेवा अस्तित्वात आली. तिचे पहिले आयुक्त फिल कोपरबर्ग स्वतः स्वयंसेवक म्हणून या क्षेत्रात आले होते. आज या सेवेत 70,000 हून अधिक स्वयंसेवक आणि सुमारे 2,000 पथके आहेत आणि राज्याच्या जवळजवळ 95 टक्के भूभागाची जबाबदारी तिच्यावर आहे.

वणवा पाण्याने विझत नाही

शहरातली आग बंबातल्या पाण्याने विझवतात, त्यामुळे वणव्यातही तसेच होत असेल असे आपण धरून चालतो. पण मोठ्या वणव्यापुढे 3,000 लिटर पाणी म्हणजे पेटलेल्या गंजीवर तांब्याभर पाणी. म्हणून पथके आगीला पाण्याने मारण्यापेक्षा तिचे अन्न तोडतात. गवत-पाचोळा खरवडून मातीची पट्टी मोकळी करतात. आपला वनविभाग याच पट्टीला 'जाळरेषा' म्हणतो. त्या रेषेच्या आतल्या बाजूने, मुख्य आगीच्या दिशेने, मुद्दाम दुसरी आग लावली जाते. तिला 'बॅकबर्निंग' म्हणतात. ती मधले सगळे इंधन खाऊन टाकते आणि मुख्य आग तिथे पोहोचते तेव्हा तिच्या वाटेला राख येते. पाणी लागते ते ही लावलेली आग रेषेपलीकडे जाऊ नये यासाठी आणि घरे वाचवण्यासाठी.

हे काम स्थानिक माहितीवर चालते. कोणत्या ओढ्यात उन्हाळ्यात ओल राहते, कोणत्या शेततळ्यात पाणी आहे, कोणत्या फाटकाला कुलूप असते आणि कोणत्या पुलावर बंबाचे वजन पेलणार नाही, हे नकाशात सापडत नाही. स्वयंसेवक तिथलाच असणे ही केवळ काटकसर नसून कामाची गरज आहे, ती यामुळे.

विमाने आणि हेलिकॉप्टरे असताना माणसे कशाला, असेही विचारले जाते. वरून टाकलेले पाणी आगीचा जोर कमी करते आणि खालच्यांना वेळ मिळवून देते, पण रेषा पूर्ण करून धुमसते ओंडके थंड करायला जमिनीवर माणूसच लागतो. धुरात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात उड्डाणे थांबवावी लागतात आणि नेमके तेव्हाच आग सर्वांत वाईट असते. ऑक्टोबर 2019 मध्ये विजेमुळे पेटलेली गॉस्पर्स माउंटनची आग हवाई मदत असतानाही 5 लाख हेक्टरांहून अधिक प्रदेश जाळून गेली आणि अखेर फेब्रुवारीतल्या पावसाने विझली.

हौशी लोकांना आगीत पाठवणे धोक्याचे नाही का?

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याचे उत्तर रक्ताने लिहिले गेले आहे.

आग्नेय ऑस्ट्रेलियात धोक्याच्या दिवशी वाळवंटाकडून वायव्येचा तप्त वारा येतो आणि आग आग्नेयेकडे लांबट, अरुंद पट्ट्यात धावते. मग थंड हवेची लाट येते आणि वारा एकाएकी नैऋत्येकडून वाहू लागतो. लांब फळी टोकाकडून पुढे ढकलली जात असताना कोणी ती आडवी करून ढकलू लागला तर जे होईल, तेच इथे होते. पट्ट्याची आतापर्यंत शांत असलेली कित्येक किलोमीटरांची बाजू क्षणात आगीचे तोंड बनते. त्या बाजूला काम करणारे लोक सुरक्षित समजल्या गेलेल्या जागीच सापडतात. 16 फेब्रुवारी 1983 च्या वणव्यांत, ज्यांत एकंदर 75 माणसे गेली, अपर बेकन्सफील्ड येथे 12 स्वयंसेवक वारा बदलताच आगीत अडकून मृत्युमुखी पडले. 2 डिसेंबर 1998 रोजी व्हिक्टोरियातील लिंटन येथे पाणी भरून आणायला निघालेल्या एका बंबावरील पाच स्वयंसेवकांचा असाच अंत झाला.

लिंटननंतर दीर्घ चौकशी झाली आणि 'अनुभवाने शिकेल' हा जुना खाक्या संपला. ठरावीक प्रशिक्षण आणि चाचणी पूर्ण केल्याशिवाय कोणालाही वणव्याच्या आघाडीवर पाठवायचे नाही, हा दंडक झाला. वाऱ्याच्या बदलाची सूचना प्रत्येक बंबापर्यंत पोहोचली पाहिजे आणि स्वतःच्या बचावापुरते पाणी टाकीत राखून ठेवले पाहिजे, यावर भर आला. बंबांभोवती पाण्याची फवारणी करणारी यंत्रणा आणि आगीची धग अडवणारे पडदेही बसवले गेले.

धोका त्यामुळे संपला असे मात्र नाही. 2019-20 च्या उन्हाळ्यात न्यू साउथ वेल्समध्ये झाड कोसळून एका बंबावरचे दोन तरुण स्वयंसेवक गेले आणि काही दिवसांनी आगीच्या भोवऱ्याने अवजड बंब उलटवल्याने आणखी एक गेला. पण 2020 च्या जानेवारीत ज्या मोठ्या विमानाच्या अपघातात तीन अमेरिकी माणसे दगावली, ती तर पूर्णवेळ व्यावसायिक होती. पगार मिळतो म्हणून माणूस आगीपासून सुरक्षित राहत नाही. त्याला प्रशिक्षण, साधने आणि वेळेवर माघार घेण्याचा हुकूम वाचवतो, आणि या तिन्ही गोष्टी स्वयंसेवकालाही देता येतात.

मग पगारच का देत नाहीत?

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. एका बंबावर पाच माणसे चोवीस तास तयार ठेवायची, तर पाळ्या, सुट्ट्या आणि आजारपण धरून किमान वीस माणसे नेमावी लागतील. दोन हजार पथकांना हा आकडा लावला, तर चाळीस हजार पूर्णवेळ नोकऱ्या होतात. खेड्यातल्या पथकाला वर्षातले कित्येक आठवडे एकही बोलावणे नसते आणि जानेवारीच्या एका आठवड्यात मात्र चाळीस हजारही अपुरे पडतात. गरज अशी वर्षभर जवळजवळ शून्य आणि काही दिवस अफाट असते, तेव्हा कायम नोकरवर्ग ठेवणे कोणालाच परवडत नाही. लहान शहरांत मधला मार्ग आहे. तिथल्या शहरी सेवेत बोलावण्यावर येणारे आणि त्या कामाचे पैसे घेणारे अग्निशामक असतात. पण विरळ वस्तीत तेही जमत नाही.

तरीही 2019-20 च्या हंगामाने हा युक्तिवाद ताणून पाहिला. आठवडा-दोन आठवडे काम सोडून येणे वेगळे आणि सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत झगडणे वेगळे. ज्याचे दुकान स्वतःचे आहे, त्याचा गल्ला महिनोन्महिने बंद राहतो. ऑस्ट्रेलियाच्या कामगार कायद्यात आपत्कालीन स्वयंसेवेसाठी रजेचा हक्क आहे, पण ती बिनपगारी असते. अखेर डिसेंबर 2019 मध्ये केंद्र सरकारने न्यू साउथ वेल्सच्या स्वयंसेवकांसाठी भरपाई जाहीर केली. त्या हंगामात दहा दिवसांहून अधिक काळ आगीवर असलेल्या आणि स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या किंवा लहान-मध्यम उद्योगांत नोकरीला असलेल्यांना दिवसाला 300 डॉलरपर्यंत, एकंदर 6,000 डॉलरच्या मर्यादेत, रक्कम देऊ केली गेली. अनेक स्वयंसेवकांनी तेव्हा बजावले की आम्हाला वेतन नको, बुडालेल्या कमाईची भरपाई चालेल. बाहेरच्याला हा फरक शब्दांचा खेळ वाटेल, पण वेतन आले की मालक येतो, कामाचे तास येतात आणि कप्तान निवडून देण्याचा हक्क धोक्यात येतो, हे त्यांना दिसत होते.

स्वयंसेवक फुकट, पण सेवा महाग

बंब, रेडिओ, इंधन, अग्निरोधक कपडे, हेलिकॉप्टरांचे भाडे आणि जखमींची भरपाई यांना भरपूर पैसा लागतो. स्वयंसेवकांना इजा झाल्यास भरपाई देण्यासाठी न्यू साउथ वेल्समध्ये 1987 पासून स्वतंत्र कायदाच आहे. सेवेचा खर्च तीन वाटेकरी उचलतात. 73.7 टक्के विमा कंपन्या, 14.6 टक्के राज्य सरकार आणि 11.7 टक्के स्थानिक परिषदा. विमा कंपन्या आपला वाटा अर्थातच ग्राहकांच्या हप्त्यात मिळवतात, म्हणजे जो घराचा विमा उतरवतो तोच पैसे देतो आणि जो उतरवत नाही त्याचेही घर तोच बंब वाचवतो. व्हिक्टोरियात 7 फेब्रुवारी 2009 च्या 173 बळींच्या वणव्यांनंतरच्या आयोगाने ही विसंगती दाखवून दिली आणि 2013 पासून त्या राज्याने विम्याऐवजी सर्व मालमत्तांवर कर बसवला.

देणगीच्या पैशाचे एक प्रकरण तर कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावे असे आहे. 2020 च्या जानेवारीत विनोदी अभिनेत्री सेलेस्ट बार्बर हिने समाजमाध्यमावर केलेल्या आवाहनाला जगभरातून 5 कोटी 10 लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. देणाऱ्यांना वाटत होते की हे पैसे घरे गमावलेल्यांना, दुसऱ्या राज्यांना आणि वन्यप्राण्यांनाही मिळतील. पण देणगी ज्या न्यासाच्या नावे गेली, तो न्यू साउथ वेल्सच्या पथकांना साधने, प्रशिक्षण आणि प्रशासकीय खर्च पुरवण्यासाठी स्थापन झाला होता. मे 2020 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दात्यांची भावना काहीही असो, पैसा न्यासाच्या दस्तऐवजाबाहेर जाऊ शकत नाही. जखमी अग्निशामकांना आणि मृतांच्या कुटुंबीयांना मदत करता येईल, एवढी वाट न्यायालयाने मोकळी ठेवली.

पगारी आणि बिनपगारी एकाच छताखाली

शहरे पसरू लागली की कालचे खेडे उपनगर होते आणि बोलावणी रोजची होतात. मेलबर्नच्या कडेला असेच झाले आणि कंट्री फायर ऑथॉरिटीच्या काही केंद्रांवर पगारी कर्मचारी आणि स्वयंसेवक शेजारी-शेजारी काम करू लागले. 2016 मध्ये पगारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेबरोबरच्या वेतनकरारावरून वाद पेटला, कारण त्यातील काही कलमांमुळे स्वयंसेवकांचे स्थान दुय्यम होईल, अशी भीती होती. खात्याच्या मंत्री जेन गॅरेट यांनी राजीनामा दिला, संस्थेचे संचालक मंडळ बरखास्त झाले आणि त्या वर्षीच्या केंद्रीय निवडणुकीतही हा मुद्दा गाजला. शेवटी 1 जुलै 2020 रोजी पगारी केंद्रे 'फायर रेस्क्यू व्हिक्टोरिया' या नव्या सेवेकडे गेली आणि कंट्री फायर ऑथॉरिटीची पथके पुन्हा पूर्णपणे स्वयंसेवकांची झाली. हा तोडगा योग्य होता की घटस्फोट होता, यावर तिथे अजून एकमत नाही.

हे फक्त ऑस्ट्रेलियातच शक्य आहे का?

तसे नाही. चिली देशात राजधानीसह सर्वत्र अग्निशामक स्वयंसेवकच असतात आणि त्यांची परंपरा 1851 मध्ये वालपाराईसो बंदरात सुरू झाली. जर्मनीतही मोठी शहरे सोडली तर गावोगावची दले स्वयंसेवकांचीच आहेत.

महाराष्ट्रात चित्र वेगळे का, याचे एक कारण घटनेत सापडते. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात 'अग्निशमन सेवा' हा विषय नगरपालिकांसाठी नोंदलेला आहे, पण 73 व्या दुरुस्तीने पंचायतींना दिलेल्या अकराव्या परिशिष्टातील 29 विषयांत तो नाही. त्यामुळे गावात ऊस पेटला किंवा गोठ्याला आग लागली, की फोन जातो तो जवळच्या नगरपरिषदेला, एमआयडीसीला किंवा साखर कारखान्याला, आणि बंब येईपर्यंतचे काम शेजारीच करतात. जंगलाला लागून असलेल्या गावांत फेब्रुवारी ते जून या वणव्याच्या दिवसांत वनमजुरांबरोबर गावकरीही हिरव्या फांद्या घेऊन डोंगर चढतात. म्हणजे 1939 पूर्वीच्या व्हिक्टोरियात जे होते, ते आपल्याकडे आहेच. मात्र त्या गावकऱ्याच्या कमरेला रेडिओ नसतो, वारा फिरला तर परत फिरा असे सांगणारा कप्तान नसतो आणि तो उतारावरून घसरून जायबंदी झाला, तर त्या दुपारी तो कोणाच्या कामावर होता, हे कोणत्याच नोंदवहीत लिहिलेले नसते.